बांबूपासून सुबाभळीपर्यंत

नवी मुंबईत खांदेश्वर स्थानकाच्या परिसरात, सिडकोने वसवलेल्या या नगराच्या पडीक कडांवर, सुबाभूळ आपण होऊन माजते आणि जळण व शेळ्यांचा पाला यापलीकडे तिची दखल कोणी घेत नाही. तथापि गेल्या अर्धशतकात आपल्या कागदाचे लाकूड कोठून कोठे आले याचा मागोवा घ्यावयाचा तर या उपेक्षित झाडापर्यंत यावेच लागते.

१९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीचा हिशेब प्रामुख्याने तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलातील बांबूवर बेतलेला होता. बांबूचा तंतू दीड ते अडीच मिलिमीटर लांब, म्हणून कागद सहजी फाटत नाही. मात्र त्याची भित्ती जाड व पोकळी चिंचोळी असल्यामुळे तो चेपून पसरत नाही. भित्तीच्या दुप्पट जाडीला पोकळीच्या व्यासाने भागून येणारे रुंकेल गुणोत्तर एकाहून कमी असेल, तरच तंतू फितीसारखा चपटा होऊन शेजारच्या तंतूला घट्ट बिलगतो.

जंगल आटू लागले, तशी नजर लागवडीकडे वळली. नाशिककडे विनायकदादा पाटलांनी नीलगिरीच्या वनशेतीला सहकाराचे बळ दिले. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेने उंच वाढणारी सुबाभूळ आणवली, ती मुख्यतः चाऱ्यासाठी. आणि १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने कारखान्यांना कच्च्या मालाची तजवीज शेतकऱ्यांशी थेट संबंध ठेवून करावयास सांगितले. या साऱ्या काळात दफ्तरी हिशेब झाला तो एकरी टनांचा. झाडाच्या अंतरंगाची विचारपूस त्या मानाने फार थोडी झाली, याची मला मनस्वी खंत वाटते.

ती विचारपूस वास्तविक अवघड नाही. काडेपेटीतील काडीएवढी ढलपी नायट्रिक आम्ल व पोटॅशियम क्लोरेटमध्ये शिजवली, धुतली आणि सॅफ्रॅनिनने रंगवली, की काचपट्टीवर तंतू सुटे होऊन पडतात. नीलगिरीचा तंतू बहुधा एक मिलिमीटरच्या आतला. तो आखूड असल्याने कागद फाटण्यास कमी विरोध करतो, परंतु पृष्ठभाग एकसारखा आणि छपाईस अनुकूल होतो. त्या तंतूंमध्येच रुंद रसवाहिन्यांचे तुकडे दिसतात, आणि उपद्रव होतो तो यांचा: ऑफसेट छपाईत चिकट शाई हे तुकडे कागदावरून उपटून नेते व गडद छापात पांढरे ठिपके उरतात. सुबाभळीचा तंतूही मिलिमीटरच्या आसपासचाच; म्हणून चाऱ्यासाठी आलेल्या या झाडाला गिरण्यांनी जवळ केले, ते रास्तच झाले.

वयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गाभ्यालगतच्या कोवळ्या लाकडात तंतू अधिक आखूड असतात. म्हणून पैशाच्या निकडीने मुदतीआधी तोडलेले झाड वजनात भरले, तरी बळकट कागदाच्या कामी उणे पडते. यासाठी प्रत्येक रोपवाटिकेने आपल्या निवडक वाणांच्या, वयवार घेतलेल्या काचपट्ट्या जपून ठेवाव्यात आणि रोपांचा भाव ठरताना त्या शेतकऱ्यापुढे मांडाव्यात.