खाजकुयरी, शंखपुष्पी, ब्राह्मी : मेंदूवर गुण आहे, पण गोळ्या बंद करू नका

नांदेड/लातूर : चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या बेटावर उत्तरा नक्षत्रात वनौषधीसाठी लोकांची गर्दी होते. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात आजही जडीबुटीची जाण असलेली जुनी माणसं आहेत. आठवडी बाजारात मुळ्या-बियांचं दुकान मांडलेलं असतं आणि आता तर मोबाईलवर रोज एक मेसेज येतो – हात थरथरतो? खाजकुयरी घ्या. फिट येते? शंखपुष्पी घ्या. विसरायला होतंय? ब्राह्मी घ्या.

हे सगळं थोतांड आहे का? नाही. यातल्या काही वनस्पतींचा मेंदूवर खरोखर परिणाम होतो, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे. पण परिणाम होतो म्हणूनच त्या जपून वापरायला पाहिजेत. ‘झाडपाला आहे, फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही’ हे म्हणणं इथं चालत नाही.

खाजकुयरीत काय आहे?

कुपाटीवर, ओढ्याच्या काठी चढणारा हा वेल सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो. कुणी याला कुहिली म्हणतं, आयुर्वेदात नाव कपिकच्छू आणि काष्ठौषधीच्या दुकानात कौंच बीज.

या बियांत लेव्होडोपा नावाचं द्रव्य असतं. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ते खाजकुयरीच्या बीमधून वेगळं काढून दाखवलं. आज कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णाला डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यातही हेच द्रव्य असतं.

कंपवातात मेंदूतल्या ठरावीक पेशी हळूहळू मरतात. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि शरीराची हालचाल सुरळीत राहायला ते लागतं. ते कमी पडलं की बसल्या जागी हात थरथरतो, चाल मंदावते, पावलं लहान पडतात, अंग ताठरतं, अक्षर बारीक होतं. डोपामिन बाहेरून दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा मात्र शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

यामागची गोष्टही वनस्पतीशीच जोडलेली आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधा रक्तदाबावर कशी चालते, हे इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात मांडलं आणि या भारतीय मुळीकडं जगाचं लक्ष गेलं. पुढं सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये ते सशांना दिलं, तर ससे निपचित पडले, कारण त्यांच्या मेंदूतलं डोपामिन संपलं होतं. मग लेव्होडोपा टोचल्यावर तेच ससे हालचाल करू लागले. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. एका झाडातल्या द्रव्यानं मेंदू मंदावला आणि दुसऱ्या झाडातही असणाऱ्या द्रव्यानं तो पुन्हा चालता झाला. झाडपाल्यात ताकद असते आणि ती दोन्ही बाजूंनी चालते, हे यातून कळतं.

मग गोळीऐवजी पावडर का नको?

पहिलं कारण मापाचं. वाळलेल्या बीमध्ये साधारण शंभर ग्रॅममागे ४ ते ६ ग्रॅम लेव्होडोपा असतं. जमीन, वाण, साठवण बदलली की प्रमाण बदलतं. ५ ग्रॅमच्या चमचाभर पावडरीत २००-३०० मिलिग्रॅम जाऊ शकतं. गोळीत मात्र १०० म्हणजे १००च.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा नावाचं दुसरं औषध असतं. लेव्होडोपा मेंदूत पोचायच्या आधीच शरीरात वाया जाऊ नये, हे त्याचं काम. त्यामुळं कमी मात्रा पुरते आणि मळमळ कमी होते. पावडरीत हे नसतं. पण जो रुग्ण गोळी चालू ठेवून वरून पावडरही घेतो, त्याच्या अंगात कार्बिडोपा आधीच असतं. मग पावडरीतलं लेव्होडोपाही जास्त प्रमाणात मेंदूत पोचतं. अशा वेळी अंग आपोआप वळवळायला लागतं, उलट्या होतात, उठून उभं राहताच बीपी उतरून चक्कर येते. नसलेली माणसं दिसणं, भ्रम होणं असंही घडतं. घरच्यांना वाटतं आजार वाढला किंवा बाहेरचं काही लागलं. खरं तर मात्रा दुप्पट झालेली असते.

खाजकुयरीवर माणसांत अभ्यास झाले आहेत. लंडनमध्ये ८ रुग्णांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये छापून आला. त्यात बीच्या पावडरीचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. पण तो एकेका मात्रेचा हिशेब होता. बोलिव्हिया या गरीब देशात रोजच्या वापरासाठी १४ रुग्णांना पावडर देऊन पाहिली, तेव्हा निम्म्यांनी ती मध्येच सोडली. कुणाला पोटाचा त्रास झाला, कुणाची हालचाल आणखी बिघडली. आणि गोळी असो की पावडर, दोन्हींनी लक्षणं कमी होतात, मरणाऱ्या पेशी वाचतात असं सिद्ध झालेलं नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. कंपवाताची गोळी एकदम बंद केली तर अंग लाकडासारखं ताठ होऊन जोराचा ताप चढू शकतो. ते जिवावर बेतू शकतं.

फिटच्या रुग्णानं शंखपुष्पी घ्यावी का?

फिटला आपल्याकडं फेफरं, मिरगी म्हणतात. तिच्या एका जुन्या आणि स्वस्त गोळीचं नाव फेनिटॉइन. ही गोळी घेणारे दोन रुग्ण शंखपुष्पीचं आयुर्वेदिक औषधही घेत होते आणि त्यांच्या आटोक्यात असलेल्या फिट पुन्हा येऊ लागल्या. मुंबईच्या डॉक्टरांच्या हे ध्यानात आलं. त्यांनी उंदरांवर तपासलं, तर शंखपुष्पीच्या त्या औषधामुळं रक्तातलं फेनिटॉइन कमी होत असल्याचं दिसलं. हा अभ्यास १९९२ मध्ये छापून आला.

म्हणजे गोळी रोज वेळेवर घेऊनही ती पुरेशी लागू होत नाही. फिटचा माणूस विहिरीच्या काठावर, चुलीपुढं किंवा मोटारसायकलवर असेल तर एकच फिट घात करते. त्यातून शंखपुष्पी या नावानं दोन-तीन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, गोकर्णीसुद्धा. पुडीत कोणती आहे, हे गिऱ्हाईकाला कळत नाही.

ब्राह्मी, अश्वगंधा आणि हळद

ब्राह्मीच्या नावाखाली दोन वनस्पती येतात. बारीक, मांसल पानांची ती नीरब्राह्मी. गोल, बेडकाच्या पावलासारख्या पानांची ती मंडूकपर्णी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं नीरब्राह्मीवर बरंच काम केलं आहे. लहान अभ्यासांत साधारण १२ आठवडे घेतल्यावर स्मरणशक्तीत थोडा फरक दिसला. म्हातारपणाचा स्मृतिभ्रंश त्यानं बरा होतो, असं मात्र दिसलेलं नाही. दोन्ही वनस्पती पाणथळ जागी वाढतात आणि मातीतले जड धातू शोषून घेतात. म्हणून गटाराच्या, नाल्याच्या काठची तोडून आणू नये.

अश्वगंधेनं ताण कमी होतो, झोप सुधारते असं काही लहान अभ्यास सांगतात. पण काही जणांना कावीळ होऊन लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉईडची गोळी चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

हळद तर नांदेड-हिंगोली पट्ट्याचं पीक. त्यातलं कुरकुमिन प्रयोगशाळेत गुणकारी दिसतं, पण पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. भाजीतली हळद खुशाल खावी. भडक पिवळ्या दिसणाऱ्या सुट्या पावडरीपासून सावध राहावं, कारण रंगासाठी तिच्यात शिशाचं संयुग मिसळल्याचे प्रकार उघड झाले आहेत आणि शिसं लेकरांच्या मेंदूला घातक आहे. हळकुंडं घेऊन गिरणीत दळून आणणं केव्हाही बरं.

लकवा मारला तर झाडपाला शोधू नका

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं जड होणं – यातलं काहीही अचानक झालं तर तेव्हाच १०८ ला फोन करावा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. किनवट, माहूरसारख्या गावांहून नांदेड गाठण्यातच यातले कितीतरी तास जातात. तेल चोळण्यात किंवा औषध देणाऱ्याकडं नेण्यात वेळ गेला, तर तो परत मिळत नाही.

हे पाळा

• चालू गोळी कुणाच्याही सांगण्यावरून किंवा मेसेज वाचून बंद करू नका.
• गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचा. ‘लेव्होडोपा’ असेल तर खाजकुयरी, ‘फेनिटॉइन’ असेल तर शंखपुष्पी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तरीही खाजकुयरी टाळा.
• आयुर्वेदिक औषध घ्यायचंच असेल तर पदवीधर वैद्याकडून घ्या. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आयुर्वेदात खाजकुयरीचं बी दुधात शिजवून, साल काढून शुद्ध करतात. कच्चं बी कुटून खात नाहीत.
• विष्णुपुरीचा सरकारी दवाखाना असो की लातूरचा, तपासणीला जाताना गोळ्यांसोबत पावडरीची पुडीही न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. पुडी दिसली नाही, तर त्रास कशानं होतोय हे त्यांनाही कळणार नाही.