डावीकडे वळायचंय? मग डावी मूठ पुढे ढकला

धुळ्याहून पारोळ्याकडे निघालेली मोटारसायकल ताशी 50 च्या वेगात आहे आणि पुढे डावं वळण येतंय. चालवणारा हँडल कुठे फिरवतो? ज्याला विचाराल तो म्हणेल, "डावीकडेच, आणखी कुठे!" प्रत्यक्षात त्याचे हात त्याच्या नकळत क्षणभर उलटं काम करतात. डावी मूठ जराशी पुढे ढकलली जाते, पुढचं चाक किंचित उजवीकडे वळतं, टायर उजवीकडे निघतात. त्यामुळे वरचं सगळं वजन डावीकडे कलतं आणि त्या कलण्यातून गाडी डावीकडे वळते.

विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचं अमेरिकेत सायकलचं दुकान होतं. विल्बर राइट यांनी डझनावारी सायकलस्वारांना हाच प्रश्न विचारला, पण पहिल्याच झटक्यात पूर्ण बरोबर उत्तर देणारा एकही भेटला नाही. वर्षानुवर्षं रोज केलेली गोष्ट आपण नेमकी कशी करतो, हेच माणसाला ठाऊक नसतं!

आणि गाडी तरी कशी उभी राहते? फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे, असं आपण ऐकत आलो. 2011 साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तो गुण जवळजवळ नाहीसा करून एक सायकल बनवली. ढकलून सोडल्यावर तीही स्वाराविना तोल सावरत गेली. चालत्या दुचाकीत तोल सांभाळण्याची मोठी समज मुळातच असते. घाबरतो तो माणूस. तो मूठ आवळतो, खांदे ताठ करतो आणि गाडीला तिचं काम करू देत नाही.

रायडर ट्रेनिंगचा दिवस असतो तो ही घाबरगुंडी मोडण्यासाठी. खानदेशात त्याची गरज कुठेही कमी नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. रावेर-यावलकडून केळीचे ट्रक येतात, पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांतली काळी माती डांबरावर पसरते. आपल्याला गाडी शिकवतो मोठा भाऊ नाहीतर मामा, शेताच्या रस्त्यावर. मग आरटीओत आठचा आकडा काढला की शिक्षण संपलं.

त्या शिक्षणातला पक्का धडा म्हणजे "पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील." मोकळ्या मैदानात हा धडा पुसायचा असतो. ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. जोरात थांबताना बहुतांश काम तोच करतो, मागचा तर हलका होत जातो. मात्र पुढचा ब्रेक एकदम हिसका देऊन आवळायचा नाही. आधी वजन पुढे येऊ द्यायचं, मग दाब वाढवत न्यायचा. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना चाक लॉक होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं. पण आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक 100 सीसी गाड्यांना ते नाही, त्यांचं चाक लॉक होऊ न देणं बोटांच्याच हाती असतं.

चांगला कोरडा रस्ता आणि सरावलेला हात असेल, तर 40 च्या वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे 9 मीटरमध्ये थांबते. वेग 80 झाला की तेच अंतर 35 मीटर होतं. वेग दुप्पट, अंतर चौपट! शिवाय धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला, तर 80 च्या वेगात आणखी 22 मीटर मागे पडलेले असतात.

वळणाचं गणितही असंच आहे. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट डोळ्यांसमोर आणा. 30 मीटर त्रिज्येचं वळण 40 ने घेतलं, तर गाडी सुमारे 23 अंश कलावी लागते. 60 ने घेतलं तर 43 अंश. तिथवर जाण्याआधीच बहुतेक साध्या गाड्यांचा फूटरेस्ट रस्त्याला घासतो. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाआधी, आणि नजर ठेवायची वळण जिथे संपतं तिथे. खड्ड्याकडे टक लावली की गाडी हमखास खड्ड्यात जाते. मान वळवून बाहेरची वाट बघितली की हातही तिकडेच काम करतात.

ट्रेनिंगचा असा दिवस मिळाला तर आपली रोजचीच गाडी घेऊन जा. हातांना सवय लागायची ती तिच्याच ब्रेकची आणि क्लचची. निघण्यापूर्वी चाकांतली हवा बघा. आयएसआयचं हेल्मेट, घोट्यावर येणारे बूट आणि हातमोजे हवेतच. सकाळ गाठा, कारण जळगावच्या उन्हाळ्यात दुपारी पारा 44-45 वर जातो आणि तहानलेलं शरीर शिकत नाही. सुरुवात हाफ क्लचवर, चालण्याच्या वेगात आठ काढण्यापासून करा. गुडघ्यांनी टाकी धरली की हात मोकळे होतात. एका फेरीला एकच गोष्ट घ्या, फक्त नजर किंवा फक्त ब्रेक. शिकवणाऱ्याला विचारा, "माझे खांदे कसे दिसतात?" आपला ताठरपणा आपल्याला दिसत नाही. वेग वाढवायचा तो हालचाल मऊ झाल्यावर. थकवा आला की थांबा, कारण थकलेलं शरीर चुकाच पाठ करतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज मोकळा रस्ता बघून, मागे कुणी नाही याची खात्री करून, दोन-तीनदा नीट ब्रेक लावा. संकटाच्या सेकंदात विचाराला सवड नसते, शरीर तेव्हा सवयीचंच करतं. त्या सवयीसाठी लागतं काय? एक मोकळं पक्कं मैदान, खुणेला पाण्याच्या बाटल्या आणि जाणता शिकवणारा. प्रत्येक तालुक्याला हे जमण्यासारखं आहे आणि ते जमवायलाच हवं. गाडी चावी फिरवता येणाऱ्या कुणालाही मिळते. ती थांबवता येणं मात्र शिकावंच लागतं.