वेष बदललेली अक्षरं

लहानपणी आम्ही 'च'च्या भाषेत बोलायचो. 'मला' म्हणजे 'चलाम', 'काय' म्हणजे 'चायक'. आजीला यातलं काही कळत नाही अशी आमची खात्री होती. दोन दिवसांत ती त्याच भाषेत उत्तरं देऊ लागली. या खेळात अक्षर फक्त जागा सोडतं. दुसरी रीत उलटी: अक्षर जागेवरच राहतं, वेष बदलतं. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांपैकी एक 'म्लेच्छितविकल्प'. यशोधराच्या 'जयमंगला' टीकेत तिची 'मूलदेवीय' रीत येते. च–ट, त–प, न–म, ल–स अशा जोड्या लावायच्या आणि एकाऐवजी दुसरं लिहायचं. 'लपून'चं होतं 'सतूम'.

एकटा 'सतूम' काही बोलत नाही. पण अशी चार पानं हाती आली की तो बोलू लागतो. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने त्याला बोलतं करण्याची युक्ती लिहून ठेवली: त्याच भाषेतल्या साध्या मजकुरात कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, गूढ मजकुरातली चिन्हं मोजा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. मराठीत तर मात्राच चुगली करतात. 'तो, ती, ते' यांचं 'पो, पी, पे' झालं, तरी एकच व्यंजन मात्रा बदलून सुटं वावरताना दिसतं. ते त, ह किंवा ज असणार. शब्दांच्या शेवटी सारखा 'सा' दिसला, तर तो 'ला' प्रत्यय असावा. आणि ल सापडला की जोडीतला स आयताच हाती येतो.

मोजणीला चकवण्यासाठी युरोपात पुढे अक्षरागणिक जोडी बदलणाऱ्या रीती आल्या. १८६३ मध्ये प्रशियाच्या कासिस्की या लष्करी अधिकाऱ्याने पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांमधली अंतरं मोजून त्याही फोडून दाखवल्या.

मला मात्र सगळ्यात जवळचं वाटतं ते महानुभाव पंथाचं उदाहरण. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. परक्या हाती पडलेली पोथी मुकीच राहायची. जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहीत नसत, त्यामुळे वर सांगितलेल्या सुट्या शब्दांच्या खुणाही तिथे मिळत नाहीत. आधार उरतो तो पुनरावृत्तीचा. पंथाच्या 'लीळाचरित्र' या ग्रंथात संस्थापक चक्रधरस्वामींचा उल्लेख पानोपानी 'सर्वज्ञ' असा येतो. अक्षरांचा असा ठरलेला घोळका पुन्हा पुन्हा भेटला की शोधणाऱ्याला पाय रोवता येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. 'लीळाचरित्रा'साठी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात माणसांना भेटून, विचारून गोळा केलेल्या स्वामींच्या आठवणी, त्या काळच्या मराठी गद्यात, पंथाबाहेरच्या वाचकालाही मग हळूहळू वाचता येऊ लागल्या.