चीनमधील परदेशी नोकरदार आणि त्यांचे ‘लाओबान’

चिनी भाषेत मालकाला ‘लाओबान’ म्हणतात, आणि परदेशी नोकरदाराचे चीनमधील वास्तव्य सुखाचे ठरेल की मनस्तापाचे, हे बऱ्याच अंशी याच व्यक्तीवर अवलंबून असते. कारण तेथील कामाचा परवाना विशिष्ट मालकाशी बांधलेला असतो आणि निवासाचा परवाना त्यावरच उभा असतो. चांगला लाओबान घर शोधण्यापासून पोलीस ठाण्यातील नोंदणीपर्यंत सारे पाहतो आणि वसंतोत्सवाला ‘होंगबाओ’, म्हणजे लाल पाकिटातून रोख भेट, देतो.

वाईट लाओबानाची ओळख मात्र बहुधा नोकरी सोडताना पटते. नव्या मालकाकडे परवाना वळवण्यासाठी जुन्या मालकाचे कार्यमुक्तीचे प्रमाणपत्र लागते, आणि २००८ पासून लागू असलेल्या श्रम करार कायद्याच्या कलम ५० नुसार ते करार संपताच देणे बंधनकारक असूनही काही मालक ते अडवून ठेवतात, ही शुद्ध अडवणूक होय. त्याहून घातक प्रकार म्हणजे नोकरीसाठीच्या ‘झेड’ व्हिसाऐवजी व्यापारी किंवा विद्यार्थी व्हिसावर कामाला बोलावणे, ज्याचा अनुभव इंग्रजी शिकवणाऱ्यांना विशेष आला आहे. अशा बेकायदा कामासाठी मालकालाही दंड आहे, हे खरे. पण ५,००० ते २०,००० युआन दंडाखेरीज देशाबाहेर काढले जाण्याची टांगती तलवार असते ती कामगारावरच.

वादाची दाद श्रम लवादाकडे विनाशुल्क मागता येते, मात्र अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागतो आणि वैध परवाना नसलेल्याला तो दरवाजा सहसा बंदच असतो.