पेवातला दिवा आणि तळघराची खिडकी

गंगाखेडहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. आजोबांच्या वेळचा वाडा, त्याखाली धान्याचं तळघर. धान्य आता मळणी झाली की थेट मोंढ्यावर जातं, त्यामुळे तळघर रिकामं पडलं आहे. तिथे गल्लीतल्या मुलांसाठी अभ्यासिका करायची आहे. खोली 15 फूट लांब, 12 फूट रुंद, 9 फूट उंच. दहा मुलं सहज बसतील. मिस्त्रीने तीन नमुने दाखवले आहेत : ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, यूपीव्हीसीची खिडकी आणि काचेच्या विटा. ‘यातलं काय घ्यावं?’ असा प्रश्न आहे.

चौकट कशाची हे आपण शेवटी पाहू. तळघराच्या खिडकीला तीन कामं असतात : श्वास, सुटका आणि उजेड. माझ्या मते त्यांचा क्रमही हाच. दुकानात गेल्यावर आपण नेमका उलट क्रम लावतो, कारण उजेड डोळ्यांना दिसतो आणि हवा दिसत नाही.

ही न दिसणारी हवा मराठवाड्याच्या जुन्या शेतकऱ्याला मात्र चांगली ठाऊक होती. जमिनीखालच्या पेवात ज्वारी साठवली जायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी झाकण काढून ते उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत तगली तर माणूस उतरायचा. कारण साठवलेलं धान्य जिवंत असतं. दाणा श्वास घेतो, ऑक्सिजन वापरतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोल, वारा नसलेल्या खड्ड्यात हा वायू साठून राहतो. ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 16च्या आसपास उतरला की ज्योत मान टाकते. ‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. त्यामागचा हा कंदील मात्र विसरलो.

आता पेवातल्या ज्वारीच्या जागी दहा मुलं बसवून हिशेब करू. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा जणांचे झाले 180 लिटर. पत्रातल्या खोलीत हवा मावते सुमारे 46 हजार लिटर. बाहेरच्या हवेत या वायूचं प्रमाण दहा लाख भागांत साधारण 420 भाग असतं. दार-खिडक्या घट्ट बंद असतील, तर एका तासात ते 4,300च्या पुढे जाईल, म्हणजे दहापट. हजाराच्या वर गेलं की हवा पुरेशी बदलत नाही असं समजतात. एवढ्याने जीव जात नाही, पण डोकं जड होतं, पेंग येते. आणि मग आई म्हणते, ‘पुस्तक उघडलं की याला झोप येते.’ दोष पोराचा नाही, खोलीचा आहे.

भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत यासाठी एक सुटसुटीत मोजमाप दिलेलं आहे : तळघराच्या हवेच्या झरोक्यांचं एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान अडीच टक्के हवं, आणि ते झरोके चारही बाजूंना सारखे विखुरलेले हवेत. 180 चौरस फुटांच्या खोलीला साडेचार चौरस फूट. हे किमान झालं. मुलं तासन् तास बसणार असतील तर मी दुप्पट धरीन. मोजायची ती उघडी जागा, काच नव्हे. चार फुटी सरकत्या खिडकीतून हवेला दोनच फूट मिळतात, कारण एक फळी नेहमी दुसरीच्या मागे उभी असते. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. काचेच्या विटांचं योगदान शून्य. शिवाय एका भिंतीला एकच मोठी खिडकी ठेवण्यापेक्षा समोरासमोर दोन मध्यम बऱ्या. हवेला यायला एक वाट लागते, जायला दुसरी.

दुसरं काम सुटकेचं. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरमध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडाले. ती बातमी वाचल्यापासून ‘तळघर’ आणि ‘अभ्यासिका’ हे दोन शब्द एकत्र आले की माझा हात थांबतो. पाणी दार कसं अडवतं, याचं गणित शाळेतलंच आहे. जिन्याच्या बाजूला दाराशी एक मीटर पाणी चढलं, दार 90 सेंटिमीटर रुंद असलं आणि आत पाणी नसलं, तर दारावर सुमारे 450 किलो वजनाएवढा जोर येतो. पाणी निम्मं असेल तर जोर निम्मा नाही, चौथाई होतो. म्हणजेच चढत्या पाण्यात प्रत्येक वीत आधीच्या विताहून महाग पडते. दार बाहेरच्या बाजूला ढकलून उघडणं कुणाला शक्य नाही.

म्हणून दुसरी वाट हवी. अमेरिकेत तळघराच्या झोपायच्या खोलीसाठी सुटकेच्या खिडकीची मापं ठरलेली आहेत : मोकळी जागा किमान 5.7 चौरस फूट, रुंदी किमान 20 इंच, उंची किमान 24 इंच, आणि उंबरा खोलीच्या फरशीपासून जास्तीत जास्त 44 इंचांवर. आपल्याकडे खिडकी छताला टेकून येते, तेव्हा तिच्याखाली पक्क्या पायऱ्या बांधाव्या लागतील. आणि गज? चोराच्या भीतीने भिंतीत पक्के बसवलेले गज संकटात कोंडवाडा होतात. गज बिजागरीवर असावेत, आतून किल्लीशिवाय उघडणारे.

आता उजेड. इथे मी जरा रेंगाळणार आहे. माळवदाच्या घरात आजी ज्याला साणं म्हणायची, ते छतातलं भोक भौतिकशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरतं. ढगांनी पूर्ण भरलेलं आभाळ माथ्यावर क्षितिजापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतं. वर पाहणारं छोटं साणं, बाजूला पाहणाऱ्या मोठ्या खिडकीच्या बरोबरीला येतं ते त्यामुळे.

हीच कल्पना थॅडियस हायट या अमेरिकन माणसाने 1845 साली शहरात आणली. लोखंडी पत्र्यात जाड काचेची गोल भिंगं बसवून ती त्याने पदपथात घातली. वरून माणसं चालत, खाली तळघरं उजळत. त्यातून मिळालेला पैसा त्याने गुलामगिरीविरोधी चळवळीत ओतला. 1860 मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यायला नकार दिला म्हणून तो तीन महिने तुरुंगात राहिला. पुढे लंडनला जाऊन त्याने काँक्रीटमध्ये लोखंड घालून तुळया मोडून पाहिल्या, जाळून पाहिल्या, आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखंच प्रसरण पावतात हे 1877 साली प्रसिद्ध केलं. आज आपल्या प्रत्येक स्लॅबचा जीव याच योगायोगात आहे. स्लॅबचं श्रेय मात्र बहुतेक वेळा मोनिए आणि एनबिक या दुसऱ्या संशोधकांना मिळतं. ज्याने तळघरात उजेड नेला आणि तळघरावरचं छतही समजून घेतलं, त्या हायटचं नाव मागे राहतं. मला हे फार लागतं.

खिडकी बसली की ती कधी उघडायची, हेही शिकावं लागतं. पावसाळ्यात दुपारची 32 अंशांची, 60 टक्के आर्द्रतेची हवा तळघराच्या 26 अंशांच्या भिंतीला लागली की तिथे तिचीच आर्द्रता 85 टक्के होते. 80च्या वर भिंतीवर बुरशी धरू लागते. आणखी तीनेक अंशांनी गार भिंत असेल तर दव पडतं. मुलं आत असताना खिडकी उघडी हवीच. पण तळघर रिकामं असताना ‘हवा खेळू दे’ म्हणून भर दुपारी ती उघडी ठेवली, तर आपण ओल आत बोलावतो. कोरड्या हिवाळी दिवसांत मात्र खुशाल उघडी टाका.

तर आता चौकट. ओलीने लाकूड फुगतं, म्हणून ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी, दोन्ही चालतील. समोरासमोर दोन खिडक्या, बिजागरीच्या. त्यातली एक सुटकेच्या मापाची. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खिडकीसाठी बाहेर जमिनीत खणलेल्या हौदीला पक्का कोबा, उंच कठडा आणि पाणी वाहून नेणारी वाट हवी. काचेच्या विटा आवडल्या असतील तर वरच्या ओट्यात घाला, हायटसारख्या. आणि सुटकेची खिडकी बसवायला जागाच नसेल, किंवा गोदावरीचं पाणी गल्लीत येत असेल, तर तळघरात पुन्हा धान्याच्या कणग्या ठेवा आणि मुलांना माडीवर बसवा. पेवातला कंदील विझला तर आपला आजोबा खाली उतरत नव्हता. कितीही ज्वारी आत असली तरी.