पत्र हरवलं तरी मुदत थांबत नाही



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्या एका सभासदाची होडी मलप्रभेत उलटली आणि त्यांना जबर मार लागला. दवाखान्याचा खर्च मिळावा म्हणून विम्याचा अर्ज आम्हीच भरून दिला. दोन महिने झाले, उत्तर नाही. वैनी दर आठ दिवसांनी विचारायला यायच्या. शेवटी चौकशी केली तेव्हा कळलं, की एक कागद कमी पडला म्हणून पत्र केव्हाच निघालं होतं. ते आधी सांगली जिल्ह्यातल्या खानापूरला गेलं आणि ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत फिरलं. अर्जावर पत्ता कुणी लिहिला होता? आम्हीच. ‘मु. पो. खानापूर’ एवढंच. पिन नाही, जिल्हा नाही.

मुदतीला चार दिवस उरले होते. कागद हातोहात नेऊन दिला, काम झालं. पण चार दिवसांऐवजी चार आठवडे उशीर झाला असता तर? म्हणून हा लेख. चूक आमची होती, ती तुमची होऊ नये.

पिन कोड म्हणजे काय?

देशात एकाच नावाची गावं कितीतरी आहेत आणि पत्ते लिहिले जातात वेगवेगळ्या भाषांत. त्यामुळे पत्रं भलतीकडे जायची. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला. तो आणणारे होते आपलेच मराठी माणूस, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे अभ्यासक श्रीराम भिकाजी वेलणकर.

सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ५ म्हणजे कर्नाटक, आंध्र, तेलंगणा. पहिले तीन आकडे मिळून छाननीचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट सांगतात.

आता आपल्या भागाकडे बघा. कागल ४१६२१६, आणि तिथून वीसेक किलोमीटरवरची निपाणी ५९१२३७. चंदगड ४१६५०९, बेळगाव ५९०००१. आपलं खानापूर ५९१३०२, आणि सांगलीकडच्या खानापूरचा पिन ४१५ ने सुरू होतो. नाव तेच, पण पत्राची गाडी वेगळी.

त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी ‘बेळगाव’चं ‘बेळगावी’ झालं. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होती, आता स्वतंत्र तालुका आहे. त्यामुळे एकाच घरात आधारवर एक पत्ता, बँकेत दुसरा, संस्थेच्या वहीत तिसरा असं चित्र दिसतं. काही मंडळी पत्त्यात राज्य म्हणून महाराष्ट्रच लिहितात. त्यामागची भावना आम्हाला कळते, आम्हीही याच मातीतले. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल. पण आज आपल्या गावाचा पिन ५ ने सुरू होतो. तो चुकला तर पत्र कोल्हापूरकडं वळलंच म्हणून समजा.

पत्ता असा लिहा

नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर नंबर, गल्ली, गाव, पोस्टाचं नाव, तालुका, जिल्हा, पिन आणि मोबाईल नंबर. खेड्यात गावाचं नाव वेगळं आणि पोस्ट वेगळ्या गावात असतं, तिथं दोन्ही लिहा. पत्ता मराठीत लिहिलात तरी पोस्ट, जिल्हा आणि पिन इंग्रजी किंवा कन्नडमध्येही लिहा. छाननी करणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही. आणि पाठवणाऱ्याचा, म्हणजे तुमचा पत्ता पाकिटावर हवाच. तो नसेल तर न पोचलेलं पाकीट परत कुठं पाठवायचं? ते पोस्टाच्या परत-पत्र कार्यालयात जातं आणि पत्ता शोधण्यासाठी तिथं उघडलं जातं.

हंगामाला बाहेर जाताना

किनाऱ्यावरची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टपासून गोवा, कारवार, मालवणच्या बोटींवर जाणारी आपली मुलं महिनोन् महिने घरी नसतात. दाराला कुलूप, आणि पोस्टमन ‘घर बंद’ असा शेरा मारून जातो. काही दिवस वाट बघून पत्र परत जातं. यावर तीन उपाय आहेत.

एक, तुमच्या वाटपाच्या पोस्टात लेखी अर्ज देऊन टपाल ठरावीक मुदतीपुरतं दुसऱ्या पत्त्यावर वळवून घेता येतं. दोन, घरातल्या किंवा शेजारच्या विश्वासू माणसाला तुमचं टपाल घेण्याचं अधिकारपत्र लिहून द्या. तीन, बँक, विमा, परवाना, जिथं जिथं मोबाईल नंबर दिलाय तिथं तो चालू आहे ना, हे जाण्याआधी तपासा. नंबर बदलला आणि कळवलंच नाही, ही तक्रार आपल्याकडे सगळ्यात जास्त.

दुसऱ्याचं पत्र चुकून तुमच्याकडे आलं तर उघडू नका. ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असं लिहून पोस्टमनकडे परत द्या. नवा पत्ता माहीत असेल तर तोही लिहा. एखाद्या घरची चूल त्या पाकिटावर अवलंबून असू शकते.

पत्र आलंच नाही तर

पाठवणाऱ्याकडून स्पीड पोस्टचा नंबर मागा. तो १३ अक्षरी असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. या नंबरावरून पत्र कुठं अडलंय ते मोबाईलवर कळतं. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय. आता जादा पैसे भरून ओटीपी दाखवल्यावरच पाकीट हातात देण्याची सोयही मिळते. महत्त्वाचे कागद पाठवताना ती घ्या, आणि पावती जपून ठेवा. पावतीशिवाय तक्रार उभी राहत नाही.

तक्रार आधी तुमच्या पोस्टात लेखी द्या आणि पोच घ्या. टपाल खात्याचा मोफत नंबर आहे १८०० २६६ ६८६८. उत्तर मिळालं नाही तर विभागाच्या डाक अधीक्षकांकडे जा.

पण नुसती तक्रार करून थांबू नका. एटीएम कार्ड किंवा चेकबुक निघालं आणि पोचलं नाही, तर त्याच दिवशी बँकेला फोन करून ते बंद करून घ्या. चोरीचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या. आधारचं पत्र हरवलं तर घाबरायचं कारण नाही, ई-आधार तितकंच ग्राह्य आहे. त्याच्या मदतीसाठी १९४७ नंबर आहे.

नोटीस परत पाठवू नका

ही गोष्ट खास बोटमालकांसाठी आणि जाळी-इंजिनासाठी कर्ज घेतलेल्यांसाठी. ‘नोटीस घेतलीच नाही तर आपल्याला लागू कशी होईल?’ असं म्हणणारे आपल्यात आहेत. हे साफ चुकीचं आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्त्यावर, टपालखर्च भरून, रजिस्टरने पाठवलेलं पत्र पोचलं असंच धरलं जातं. पोचलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. ‘घेण्यास नकार’, ‘घर बंद’ हे शेरेसुद्धा तुमच्या विरुद्धच जातात.

चेक परत गेल्याची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. नोटीस खरोखरच मिळाली नसेल तर? सर्वोच्च न्यायालयानं २००७ च्या अलवी हाजी प्रकरणात एक वाट ठेवलीय: कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरा आणि तसं कोर्टाला दाखवा. तेही दिवस घालवले, तर ‘नोटीस मिळाली नव्हती’ हे म्हणणं ऐकलं जात नाही. म्हणून पाकीट घ्या, तारीख टाका आणि त्याच दिवशी वकिलाकडे किंवा संस्थेत या.

आणि एक खोटं पत्र

‘तुमचं पार्सल आलंय, पत्ता अपुरा आहे, लिंकवर पत्ता भरा’ असा मेसेज आला तर तो उघडू नका. पोस्टाच्या नावानं पैसे लुबाडणाऱ्यांचा हा डाव आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडण्याची शक्यता जास्त.

शेवटी

मंडळी, आपलं काम पाण्यावरचं, पण हक्क मिळतो तो कागदावर. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख आहेत, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्यात दाखल झाल्यास २५ हजारांपर्यंत. २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं. परवान्याचं नूतनीकरण, तलावाच्या ठेक्याची सूचना, या सगळ्याला तारीख असते. ती तारीख तुमच्या पत्राची वाट बघत बसत नाही.

म्हणून एवढं करा. येत्या बैठकीला येताना आधार, पासबुक आणि परवाना घेऊन या. संस्थेच्या वहीतला पत्ता तिघांशी जुळतो का, ते समोर बसून बघू. पिन आम्ही स्वतः तपासून लिहू. आणि कुठल्याही अर्जाला महिनाभरात उत्तर आलं नाही, तर ‘येईल की’ म्हणून बसू नका, लगेच आम्हाला सांगा.

खानापूरच्या वैनी परवा भेटल्या. म्हणाल्या, ‘भाऊ, आता मी पिन तोंडपाठ केलाय.’ तुम्हीही करा.