आवणी, धारा, चूल... बाईनं स्वतःसाठी अर्धा तास काढायचा कुठून?

अकोले : तालुक्यातल्या एखाद्या गावात बाई सकाळी नुसती फिरायला निघाली तर वाटेत चौघीजणी विचारतात, "काय गं, कुठं निघाली?" डोक्यावर हंडा नाही, हातात विळा नाही, मग ही चालली कुठं? कामाशिवाय चालणं गावाच्या पचनी पडत नाही. त्यात "दिवसभर राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला" हे मत घरोघरी ठरलेलं.

हे मत अर्धं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं अंग हलवायला सांगते, आणि त्यात शेतातलं कामही धरते. तो हिशेब आवणी करणारी बाई पहिल्याच दिवशी पुरा करते. अडचण दुसरीकडं आहे. राजूर, भंडारदरा, घाटघर पट्ट्यात पावसानं जोर धरला की भाताची आवणी सुरू होते आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बाई चिखलात वाकलेली असते. कंबर पुढं जाते, मागं कधी येतच नाही. त्याच त्या शिरा, तेच सांधे दिवसभर ताणलेले. अंग थकतं, पण मोकळं होत नाही. म्हणून पन्नाशीच्या आतच अनेकींची कंबर आणि गुडघे बोलायला लागतात.

त्यावर उपाय फुकटचा आहे. तासाभरानं सरळ उभं राहायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूहळू मागं झुकायचं, पाच-सहा वेळा. खांदे गोल फिरवायचे. दोन मिनिटांचं काम. पण एकटीनं केलं तर ती कामचुकार ठरते, ही खरी गोम. सावडीनं आवणी चालली असेल तर सगळ्यांनी एकदमच पाठ सरळ करावी, मग कोण कुणाला बोलणार? मात्र कमरेतून पायात कळ उतरत असेल किंवा पाय बधिर पडत असेल तर झुकण्याबिकण्याच्या नादी न लागता डॉक्टरला दाखवलेलं बरं. चिखल्यांचंही तसंच. रोज संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं एवढं तरी व्हावं. साखरेचा आजार असेल तर पायाची बारीक जखमसुद्धा अंगावर काढू नये.

आवणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत बाईला जास्तीचा व्यायाम नको, झोप हवी. चालणं, योगासनं याला खरी सवड हंगाम सरल्यावर. प्रवरेकाठच्या ऊस-टोमॅटोच्या गावांत मात्र तीही सवड नसते, कारण दूध. संकलनाची वेळ सकाळ-संध्याकाळ ठरलेली, गाय काही रविवार पाळत नाही.

मग वेळ येणार कुठून? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणात देशातल्या घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी 289 मिनिटं घरकामात जातात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची 88. शेत आणि गोठा यात धरलेला नाही. या आकड्यातच उत्तर आहे. बाईनं पहाटे आणखी लवकर उठून व्यायाम करावा, हा सल्ला म्हणजे तिच्या झोपेवर घाला. संध्याकाळची धार नाहीतर पाणी भरणं घरातल्या दुसऱ्या कुणी उचललं तर अर्धा तास आपोआप निघतो. आणि पुरुषांनाही हे सोसण्यासारखं आहे. नांगरट ट्रॅक्टरनं, शेतापर्यंत मोटारसायकल, काही ठिकाणी पंपसुद्धा मोबाईलवर सुरू होतो. चालायची गरज आता त्यांनाच जास्त.

जागेची वाण नाही. जिल्हा परिषद शाळेचं मैदान आहे, मंदिराचा सभामंडप आहे, अकोल्यात अगस्ती आश्रमाचा परिसर आहे. मुंबई-पुण्याची पोरं रात्रीचा प्रवास करून बारीत उतरतात आणि 1646 मीटरचं कळसूबाई चढून घाम गाळतात. पायथ्याच्या बाईला तो डोंगर नवरात्रात देवीला जाताना आठवतो. एकटीला फिरायला संकोच वाटतो, तिथं बचत गटाच्या चौघीजणींनी मिळून निघावं. संध्याकाळी हरिपाठाला जाऊन बसणं हाही विसावाच आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही.

खाण्याचं फार सांगायला नको. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, आणि त्याच तालुक्यात नागलीची भाकरी मागं पडून चहा-बिस्किटावर सकाळ निघतेय. 100 ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. बाई सगळ्यात शेवटी जेवते, तेव्हा पातेल्यात काय उरतं हे घरच्यांनी एकदा बघावं.

राहिली तपासणी. गावोगावची आरोग्य उपकेंद्रं आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखली जातात. तिथं तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर मोफत तपासतात, काही केंद्रांवर योगासनंही घेतात. बीपी वाढलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, म्हणून "मला काय झालंय" म्हणणाऱ्यांनीच आधी जावं. जीव घाबरणं, झोप न लागणं, सारखं रडू येणं असं असेल तर 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं. उपकेंद्रात जायला वेगळा दिवस काढणं जमत नसेल तर लेकराला किंवा नातवाला लसीकरणाला नेताना तिथंच आपलाही दंड पुढं करावा. बीपी मोजायला पाच मिनिटं पुरतात.